मिटलेला दर्या

दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा तास म्हणजे शिक्षकाची परीक्षाच. मुलांचे लक्ष किल्ल्यात, आकाशकंदिलात आणि घरच्या भाजणीच्या वासात गुंतलेले असते. अशाच एका तासाला मी फळ्यावर भारताचा नकाशा काढून मोसमी वाऱ्यांची उजळणी घेत होतो. नैऋत्येकडून एक लांब बाण काढला आणि सवयीने म्हणालो, "असा हा पाऊस जूनमध्ये येतो, आणि दिवाळीच्या सुमारास देशभर आकाश मोकळे होते."

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील बँकेतल्या बदलीने आमच्या गावी आलेले. घराणे मूळचे तंजावरच्या मराठ्यांपैकी. त्याची मराठी जरा वेगळ्या चालीची, जुन्या कागदपत्रांतल्यासारखी. तो म्हणाला, "सर, आमच्याकडं पाऊस आता सुरू होतो. दिवाळीला फटाके पेटतच नाहीत. आणि आजोबा म्हणतात, या दिवसांत समुद्राकडं पाठ करायची नाही."

वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी आल्यावर त्या वाक्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. इतकी वर्षे आपण फळ्यावर एकच बाण काढीत आलो आणि दुसरा विसरत आलो, याची थोडी लाज वाटली. जुनी पुस्तके काढून बसलो, आणि दिसले ते असे, की त्या दुसऱ्या बाणाने आपल्या देशाचा इतिहास वाकवला आहे, खुद्द महाराष्ट्राचाही. ती हकीकत यंदाच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

आपल्या कोकणचा दर्या नारळी पौर्णिमेला उघडतो. आषाढात खवळलेला समुद्र श्रावणाच्या मध्यावर निवू लागतो, कोळीबांधव त्याला नारळ अर्पण करतात, होड्या पाण्यात लोटतात, आणि दसरा-दिवाळीला पश्चिम किनाऱ्याचे पाणी तळ्यासारखे होते. पूर्वेला, चोळमंडलाच्या किनाऱ्यावर, नेमके याच्या उलट घडते. 'चोळमंडलम्' या शब्दाचे परकीयांनी 'कोरोमांडेल' केले. तिथे चैत्र-वैशाखापासून भाद्रपदापर्यंत गलबतांची ये-जा सुखाने चाले, आणि आश्विन संपत आला की दर्या मिटे. आपण पणत्या लावतो त्या दिवसांत तिकडे जहाजवाले नांगर उचलून पळ काढीत.

याचे कारण तसे साधे आहे. जून ते सप्टेंबर नैऋत्येचे वारे आपला भार पश्चिम घाटावर ओततात आणि घाट ओलांडून तमिळ देशात कोरडे उतरतात. पुढे आश्विनात सूर्य दक्षिणेकडे सरकतो, उत्तरेची भूमी थंडावते, हवेचा दाब तिकडे वाढतो आणि वारा उलटा फिरतो. ईशान्येकडून येणारा हा वारा आपल्याला कोरडा लागतो, कारण तो जमिनीवरून आलेला असतो. पण तोच बंगालचा उपसागर ओलांडून जातो तेव्हा उन्हाळाभर तापलेल्या त्या पाण्यावरून भरपूर बाष्प उचलतो आणि ते तमिळ किनाऱ्यावर रिते करतो. सरासरीने २० ऑक्टोबरच्या सुमारास हा पाऊस सुरू होतो आणि डिसेंबर अखेरपर्यंत राहतो. तमिळनाडूच्या वर्षभराच्या पावसाचा जवळजवळ अर्धा वाटा या तीन महिन्यांचा. चेन्नईचा तर अर्ध्याहूनही अधिक. तमिळ पंचांगातला 'ऐप्पसी' महिना म्हणजे आपला आश्विन-कार्तिकाचा संधिकाळ. त्या महिन्यातल्या पावसाला ते लोक 'अडै मळै' म्हणतात. आपण 'झड' म्हणतो तोच अर्थ.

वाऱ्यालाही त्यांच्याकडे दिशेप्रमाणे नावे आहेत. दक्षिणेचा सुखद तो 'तेन्रल', पूर्वेचा मेघ आणणारा तो 'कोंडल' आणि उत्तरेचा बोचरा तो 'वाडै'. संघकाळातल्या नक्कीरर कवीच्या एका दीर्घकाव्याचे नावच 'नेडुनल्वाडै' आहे. पावसाळी थंडीतला हा उत्तरवारा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच तिथल्या कवितेत येऊन बसला होता.

वारा फिरतो तसा समुद्रही फिरतो. वर्षाच्या पूर्वार्धात किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो; ऑक्टोबरपासून तोच दक्षिणेकडे वाहू लागतो. किनाऱ्यावरची रेतीसुद्धा एका मोसमात उत्तरेला आणि दुसऱ्यात दक्षिणेला ढकलली जाते. दोन मोसमांच्या मधले दिवस मोठे फसवे असतात. वारा पडतो, पाणी आरशासारखे होते. मग एखाद्या स्वच्छ दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, लांब अंतराच्या जड लाटा किनाऱ्याला येऊन आदळू लागतात. शेकडो मैलांवर कुठे तुफान उठलेले असते. त्याचा निरोप घेऊन लाट वाऱ्याच्या आधी येते. जुन्या खलाशांना हा निरोप वाचता येई. ज्यांना येत नसे त्यांची नावे पुढे बुडालेल्यांच्या यादीत लागत.

आता इतिहासाकडे वळू. प्रथम आपल्या जिंजीकडे.

छत्रपती राजाराम महाराज १६८९ साली जिंजीला पोहोचले आणि मराठी राज्याचा प्राण त्या तीन टेकड्यांच्या किल्ल्यात जाऊन राहिला. पुढल्या वर्षी झुल्फिकारखानाने वेढा घातला. तो मोडला कसा याच्या कथा आपण संताजी-धनाजींच्या पराक्रमाने भरून टाकतो, आणि ते योग्यच आहे. पण मोगलांच्या छावणीत असलेल्या भीमसेन सक्सेनाने लिहून ठेवलेली १६९२ ची हकीकत वाचावी. त्या वर्षी तिकडे अतोनात पाऊस झाला, सगळा मुलूख एक तळेच होऊन गेला, धान्य महाग झाले, आणि शिपायांना दिवसचे दिवस खंदकात काढावे लागले. उत्तरेकडून आलेल्या त्या फौजेला दसऱ्यानंतर मोहीम सुरू करण्याची सवय. इथे दसऱ्यानंतर आभाळ फाटत होते. अशा भिजलेल्या, उपाशी छावणीवर डिसेंबरात संताजी आणि धनाजी येऊन कोसळले. कांचीचा फौजदार अली मर्दानखान संताजीच्या हाती सापडला, आणि जानेवारी १६९३ मध्ये झुल्फिकारखानाला वेढा उठवून वांदिवाशकडे मागे सरावे लागले. तलवार मराठ्यांची होती, पण तिला ईशान्येच्या वाऱ्याने धार लावून दिली होती, असे म्हणायला हरकत नाही.

जमिनीवर ही अवस्था, तर पाण्यावर काय असेल! आणि इथेच इंग्रज-फ्रेंचांच्या झुंजीची खरी मेख आहे.

मद्रास आणि पाँडिचेरी ही दोन्ही व्यापाराची मोठी ठाणी; पण दोन्हींना बंदर म्हणावे असे बंदर नव्हते. किनारा सरळसोट, रेतीचा. आडोशाला ना खाडी ना डोंगर. जहाजे दूर उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहत, आणि किनाऱ्याशी दोन-तीन रांगांनी फुटणाऱ्या लाटांतून माल नि माणसे स्थानिक होड्या ने-आण करीत. या मसुला होड्यांच्या फळ्यांना खिळा नसे. काथ्याने शिवलेल्या असत, म्हणजे लाटेचा तडाखा बसला की होडी फुटण्याऐवजी वाके. त्याहून साधे ते 'कट्टुमरम्', म्हणजे 'बांधलेली लाकडे'. इंग्रजीतला 'कॅटमरान' हा शब्द तिथूनच गेला. अशा किनाऱ्यावर ईशान्येचे तुफान आले म्हणजे मोठ्या जहाजापुढे दोनच वाटा: दोर तोडून भर समुद्रात पळायचे, किंवा वाळूवर आपटून फुटायचे. पुढे कंपनीच्या काळात मद्रासच्या किल्ल्यावरची निशाणकाठी १५ ऑक्टोबरला उतरवीत आणि १५ डिसेंबरला पुन्हा उभारीत. मधल्या दोन महिन्यांत जो तिथे नांगर टाकील त्याला विम्याचा आधार राहत नसे.

१७४६ च्या सप्टेंबरात ला बूर्दोने या फ्रेंच आरमारप्रमुखाने मद्रास जिंकले. खंडणी घेऊन शहर इंग्रजांना परत करायचे आणि वारा फिरण्याआधी निघून जायचे, हा त्याचा बेत. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याला मद्रास सोडायचे नव्हते. दोघा फ्रेंचांत पत्रांचे युद्ध जुंपले. दिवस सरत गेले आणि जहाजे उघड्या समुद्रात उभीच राहिली. नव्या गणनेप्रमाणे १३ ऑक्टोबरचा दिवस निवांत होता, हवा उत्तम होती. त्या रात्री तुफान उठले. सकाळी पाहतात तो काही जहाजे तळाला गेलेली, काहींच्या डोलकाठ्या मोडून पडलेल्या, तोफा समुद्रात लोटून कशीबशी तरंगत राहिलेली. हजारावर माणसे बुडाली. उरलेसुरले आरमार घेऊन ला बूर्दोने निघून गेला. फ्रान्सला पोहोचल्यावर त्याच्या नशिबी बास्तीयचा तुरुंग आला. डुप्लेच्या हाती मद्रास राहिले खरे, त्याच्या फौजेने त्याच नोव्हेंबरात अड्यार नदीकाठी नबाबाच्या सैन्याचा धुव्वाही उडवला. पण पाठीशी आरमार नसल्याने इंग्रजांचे दुसरे ठाणे त्याला घेता आले नाही, आणि १७४८ च्या तहाने मद्रासही परत गेले. दोन माणसांचा हट्ट आणि आश्विनातली एक रात्र! नाटककाराने रचले असते तर आपण अतिशयोक्ती म्हणालो असतो.

इंग्रज यातून एक धडा शिकले: ऑक्टोबर उजाडला की आरमार चोळमंडलावर ठेवायचे नाही. मग न्यायचे कुठे? इथे मुंबई पुढे येते. मुंबईचे बंदर निसर्गानेच आडोशाचे. शिवाय भरती-ओहोटीचा फरक मोठा; मद्रासला तो तीन-चार फुटांचा, तर मुंबईला उधाणाला पंधरा फुटांच्या घरात. भरतीला जहाज गोदीत घ्यावे, ओहोटीला पाणी सोडून द्यावे, दार लावून तळाची डागडुजी करावी. सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या हाताखाली मुंबईची गोदी नावारूपाला आली आणि १७५० साली तिथे सुकी गोदी तयार झाली. फ्रेंचांना असे घर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर नव्हते. त्यांना दूर मॉरिशस गाठावे लागे. म्हणजे दोघेही पक्षी वादळाआधी उडत, पण एकाचे घरटे जवळ होते आणि दुसऱ्याचे समुद्रापार.

याचा पहिला मोठा फटका बसला तो आपल्यालाच. १७५५ च्या ऑक्टोबरात ॲडमिरल वॉटसनचे आरमार नेहमीप्रमाणे चोळमंडल सोडून मुंबईला आले. क्लाइव्ह वेगळ्या कामगिरीवर विलायतेहून येऊन मुंबईत बसलेलाच होता. इकडे नानासाहेब पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचे वैर विकोपाला गेलेले. सुवर्णदुर्ग इंग्रजांनी एप्रिलमध्येच घेऊन झाला होता. आता एवढे मोठे आरमार हाताशी रिकामे सापडल्यावर पुढचा विचार करायला वेळ लागला नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनची जहाजे विजयदुर्गाच्या खाडीत शिरली, आंग्र्यांची गलबते बंदरातच जळाली आणि किल्ला पडला. आपलेच आरमार आपण परक्याच्या हाताने जाळले, हे दुःख मराठी माणूस आजवर उगाळीत आला आहे. घरच्या फुटीचा दोष वाऱ्यावर लोटता येणार नाही. पण ते इंग्रजी आरमार त्या हिवाळ्यात मुंबईला आणून उभे कोणी केले, असे विचारले तर उत्तर हेच, की ईशान्येच्या मोसमाने.

हाच वॉटसन पुढल्या ऑक्टोबरात, १६ तारखेला, क्लाइव्हला घेऊन मद्रासहून बंगालकडे निघाला. कलकत्ता सिराजउद्दौल्याने घेतले होते. थांबायला सवड नव्हती. उलट्या वाऱ्याशी आणि उलट्या प्रवाहाशी झुंजत ती जहाजे डिसेंबरात हुगळीला लागली. काही भरकटली, एकाला तर माघारी मुंबई गाठावी लागली. पुढे प्लासी झाली. चोळमंडलाचा नियम मोडून निघालेला तो एक प्रवास, आणि त्याची किंमत या देशाने दीडशे-दोनशे वर्षे मोजली.

१७५८ च्या सप्टेंबरात फ्रेंच आरमारप्रमुख दाशे मॉरिशसला निघून गेला. डिसेंबरात फ्रेंच सेनापती लालीने मद्रासला वेढा घातला, तेव्हा त्याच्या मागे समुद्र रिकामा होता. इंग्रजांचा पोकॉकही मुंबईत होता. पण मुंबईच ती, तिथून मदत निघायला उशीर लागला नाही. १६ फेब्रुवारी १७५९ रोजी इंग्रजांची शिडे मद्राससमोर दिसली आणि लालीने वेढा उठवला. दोन वर्षांनी पारडे फिरले. आता पाँडिचेरीला इंग्रजांचा वेढा होता, आणि या खेपेला स्टीव्हन्सचे आरमार मोसमातही किनारा न सोडता उभे राहिले होते. १७६१ च्या पहिल्याच दिवशी तुफान झाले. तीन जहाजे माणसांसकट उलटली, तीन किनाऱ्यावर फुटली, अकराशेच्या आसपास खलाशी गेले. लालीला वाटले, देव धावला! दाणागोटा ताबडतोब पाठवा म्हणून त्याने पुलिकतला पत्र धाडले. पण आठवड्याच्या आत इंग्रजांची उरलेली नि नवी जहाजे पुन्हा समोर येऊन उभी राहिली, आणि मध्य जानेवारीला उपाशी पाँडिचेरीने हात टेकले. तुफानाने दोघांनाही बुडवले, इंग्रजांना तर इथे अधिक. फरक इतकाच, की त्यांच्याकडे बुडाल्यावरही शिल्लक होती.

इथवरचा इतिहास जहाजांचा आणि सेनापतींचा झाला. ते निघून जाऊ शकत होते. जे जाऊ शकत नव्हते त्यांचे काय, हा प्रश्न माझ्यासारख्या मास्तराला अधिक छळतो. १७८२ चा ऑक्टोबर घ्या. हैदरअलीच्या स्वाऱ्यांनी कर्नाटक उजाड झालेले, खेड्यापाड्यांतून भुकेली माणसे मद्रासच्या आश्रयाला आलेली. बाहेर समुद्रात तांदळाने भरलेली देशी गलबते नांगरून पडली होती. तांदूळ डोळ्यांना दिसत होता. ॲडमिरल ह्यूजचे आरमार मुंबईला निघायच्या तयारीत असतानाच १५ ऑक्टोबरच्या सुमारास तुफान आले. लढाऊ जहाजांनी दोर तोडून खोल पाणी गाठले आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती मुंबईला पोहोचलीही. तांदळाची गलबते मात्र किनाऱ्यावर फुटली आणि दाणा खाऱ्या पाण्यात गेला. त्यानंतर मद्रासच्या रस्त्यांवर जे मेले त्यांना इतिहासाच्या पुस्तकांत नावे नाहीत.

या तुफानांना आज आपण ज्या इंग्रजी नावाने ओळखतो ते 'सायक्लोन' हे नावही आपल्याच देशात जन्मले. हेन्री पिडिंग्टन नावाचा कलकत्त्याचा एक गृहस्थ बुडालेल्या जहाजांच्या चौकशा करी. जहाजांच्या रोजनाम्यांतून वाऱ्याच्या दिशा ताडून पाहताना हे वादळ गोल फिरते अशी त्याची खात्री पटली, आणि १८४८ साली सर्पाचे वेटोळे ज्यात सूचित होते असा ग्रीक शब्द त्याने त्याला दिला. आपल्या गोलार्धात हे वेटोळे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरते. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले की केंद्र कुठे आहे ते ताडता येते. खलाशाला हे ज्ञान म्हणजे अंधारात सापडलेली भिंत.

पण ज्ञान किनाऱ्यावरच्या झोपडीत पोहोचायला फार वर्षे गेली. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला आणि नोव्हेंबरात मच्छलीपट्टणला समुद्र आत शिरून हजारो माणसे मेली. त्यानंतर सरकारला जाग आली, बंदरांवर इशाऱ्याचे बावटे चढू लागले आणि १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. त्याच वर्षी मद्रासला कृत्रिम बंदराचा पाया घातला गेला. सहा वर्षांनी, १८८१ च्या नोव्हेंबरात, पुरे होत आलेल्या त्या धक्क्यांचा मोठा भाग एका वादळाने उचलून फेकून दिला. ते पुन्हा बांधले. मग रेतीने आपला हिशेब मांडला: धक्क्याच्या दक्षिणेला वाळू साठून मरीनाचा किनारा रुंद होत गेला आणि उत्तरेकडच्या कोळीवस्त्यांखालची जमीन समुद्र खाऊ लागला. शहराला चौपाटी मिळाली ती शेजारच्यांच्या अंगणातून.

वादळात वारा मारतो त्याहून पाणी अधिक मारते. केंद्रातला दाब उतरलेला असतो, मागून वारा रेटतो, किनाऱ्याशी तळ उथळ असतो. मग समुद्राला जायला जमिनीखेरीज जागा उरत नाही. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री रामेश्वरच्या टोकाला, धनुष्कोडीला, हेच झाले. पांबनहून निघालेली गाडी स्टेशनाच्या तोंडाशी आली होती. बाहेर काळोख, तारा तुटलेल्या. समुद्राची भिंत आली आणि शंभराहून अधिक उतारूंसकट ती गाडी घेऊन गेली. एकही वाचला नाही. पांबनचा पूल सेहेचाळीस दिवसांत पुन्हा उभा राहिला. धनुष्कोडी मात्र पुन्हा वसले नाही. आज तिथवर सडक जाते. चर्चच्या आणि स्टेशनाच्या भिंती उभ्या आहेत आणि यात्रेकरू तिथे शंख-शिंपले विकत घेतात.

१९७७ च्या नोव्हेंबरात, आंध्रच्या कृष्णा नदीच्या मुखाशी, दिवी तालुक्यात तसेच पाणी चढले. सरकारी आकड्यानेच दहा हजारांच्या घरात माणसे गेली. आणि १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' नावाचे वादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला लागले. तंजावर, नागपट्टणम् आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत लाखो नारळ मुळासकट आडवे झाले. एकेका घराची पंचवीस-तीस वर्षांची कमाई एका रात्रीत पडली. मृत्यू मात्र साठीच्या आसपास. दिवीचे दहा हजार आणि हे साठ! दोन वादळे सारखी नसतात हे खरे, पण मधल्या चाळीस वर्षांत आकाशात उपग्रह गेले, किनाऱ्यावर रडार बसले, पक्की निवाऱ्याची घरे झाली, आणि मुख्य म्हणजे वेळेवर सांगितलेले लोक ऐकू लागले. इतिहासात माणूस शहाणा होत नाही असे म्हणणाऱ्यांना मी हे दोन आकडे दाखवीन.

तरी एक गोष्ट मनात सलते. पूर्व किनाऱ्यावर मासेमारीला बंदी असते ती एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, माशांच्या विणीसाठी. वादळाच्या महिन्यांत दर्या कायद्याने मिटलेला नसतो. रोज सकाळी इशारा आहे की नाही ते पाहायचे, आणि नसला तर लाटेकडे पाहून ठरवायचे. आरमारे मुंबईला पळत तेव्हाही कट्टुमरमवाला इथेच होता, आजही आहे. चूल रोज पेटवायची असते.

आणि हाच वारा अन्नदाताही आहे, हे विसरून कसे चालेल? कावेरीच्या मुखाजवळची सांबा भाताची शेते याच पावसाकडे डोळे लावून असतात. तमिळ गावोगावची जुनी तळी, त्यांची 'एरी', याच तीन महिन्यांत भरतात. २०१५ च्या डिसेंबरात या पावसाने चेन्नई बुडवली. आणि २०१८ ला तो पुरेसा आला नाही तेव्हा २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच चेन्नईला आगगाडीने पाणी न्यावे लागले. जो येईल म्हणून भ्यायचे, त्याच्या न येण्यालाही भ्यायचे. असे नाते आपण फक्त घरच्या वडीलधाऱ्यांशीच ठेवतो.

तंजावरच्या मराठ्यांनी हे नाते जाणले असावे. तिथल्या प्रतापसिंह राजाने नागूरच्या दर्ग्याला समुद्रालगत एकशे एकतीस फुटांचा उंच मिनार बांधून दिला. ज्या सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवले, त्यांनीच दहा-बारा वर्षांनी पट्टुक्कोट्टैजवळच्या किनाऱ्यावर 'मनोरा' नावाचा षट्कोनी बुरूज उभारला. निमित्त नेपोलियनवरच्या इंग्रजांच्या विजयाचे, म्हणजे परक्याचे. पण तो उभा आहे समुद्राकडे तोंड करून. 'गज' वादळ त्याच भागातून गेले.

सुटी संपल्यावर मी वर्गात पुन्हा नकाशा काढला. या वेळी दोन बाण काढले. दुसरा बाण काढायला त्या मुलालाच फळ्यापाशी बोलावले. त्याने ईशान्येकडून रेघ ओढली, तंजावरपाशी आणून थांबवली, आणि किनाऱ्यावर खडूचा एक ठिपका दिला. "हे काय रे?" मी विचारले. "आमच्याकडं कार्तिकैला पावसातपण दिवे लावतात," तो म्हणाला. "वारा असतो म्हणून वळचणीला ठेवतात."

यंदा लक्ष्मीपूजनाला आमच्या अंगणात पणत्या निवांत जळतील. आकाश निरभ्र असेल. त्याच वेळी तिकडे कुणाची आई हाताचा आडोसा करून दिवा सांभाळीत असेल आणि कुणाची होडी अजून परतायची असेल. एक पणती आपण त्या किनाऱ्याच्या नावाने लावावी, एवढेच म्हणतो.